भुसारी दुकानाच्या ऑनलाइन ऑर्डरी, एक वजनकाटा आणि चवथीआधीची माणसं

कुळागर

गोव्यात फोंड्याला माझ्या आतेभावाचं दुकान आहे. आतोबांच्या काळात ते भुसारी दुकान होतं, आता पाटीवर सुपरमार्केट लिहिलंय, वास तोच आहे. २०२०च्या टाळेबंदीत व्हॉट्सअॅपवर याद्या घ्यायला सुरुवात झाली, मग कोणीतरी अॅप करून दिलं. आता एरवी ७०-८० आणि शनिवारी १३०च्या आसपास ऑर्डरी येतात. तक्रार एकच, सामान वेळेवर मिळत नाही. अकराला देतो म्हटलेलं दीडला जातं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, तेव्हा भावाने ठरवलं की आणखी दोन पोरगे ठेवायचे. मला विचारलं ते एवढंच, की ओळखीत कोणी असेल तर सांग.

मी वेर्ण्याला एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम करतो. नवीन मशीन घ्यायच्या आधी आम्ही ते कॉम्प्युटरवर चालवून बघतो, म्हणजे सिम्युलेशन. म्हटलं, दोन पगार सुरू करण्याआधी मला दोन शनिवार दे.

ते दोन्ही शनिवार काट्याशेजारच्या खांबाला टेकून काढले. मोबाइलवर स्टॉपवॉच, हातात बिलाच्या रोलचा तुकडा. पहिल्या शनिवारी पोरांना वाटलं मालकाने पाळतीवर बसवलाय. दुसऱ्या शनिवारी त्यांनीच चहा आणून दिला.

ऑर्डरचा प्रवास असा. प्रिंट निघते, पोरगा क्रेट घेऊन रॅकवरून पॅकबंद माल गोळा करतो. मग सुटा माल काट्यावर: उकडे तांदूळ, कडधान्य, गूळ, कांदे-बटाटे, सोलां. मग तपासणी आणि बिल, मग पिशव्या, मग दुकानाची स्कूटर किंवा गर्दीच्या वेळी ठरवलेले दोन पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले. माल गोळा करायला सरासरी १४ मिनिटं लागतात. पण ही सरासरी फसवी. दूध, अंडी, साबणवाली ऑर्डर ६ मिनिटांत होते आणि कोणाकडे मुंज असली तर ३५ मिनिटं जातात.

पायथनमध्ये सिमपाय नावाची फुकट लायब्ररी आहे, तीत हे सगळं बसवलं. ऑर्डर येते, पोरगा मोकळा असला तर त्याच्याकडे जाते, नसला तर थांबते. पुढे काट्याची रांग, बिलाची रांग. कुठे किती वेळ लागला ते माझ्या मोजणीतून दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखं निघतं. आतलं घड्याळ मिनिटामिनिटाने चालत नाही, एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारतं, त्यामुळे अख्खा शनिवार सेकंदभरात संपतो. असे २०० शनिवार चालवले.

आणि तोंडावर आपटलो. प्रिंट निघाल्यापासून पिशवी तयार होईपर्यंत दुकानात सरासरी ९६ मिनिटं लागत होती. माझं मॉडेल म्हणत होतं ५२.

आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक सापडली ती काट्यावर बसणाऱ्या ताईंना. अठरा वर्षं आहेत त्या दुकानात. मी लॅपटॉपवर क्रेट कसे सरकतात ते कौतुकाने दाखवत होतो, त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "तुज्या कंप्युटरांतलीं गिरायकां पयल्याच रिंगेक फोन उखलतात कितें रे?"

माल संपलेला असला की गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं: हा ब्रँड नाही, तो चालेल का? गिऱ्हाईक आंघोळीला गेलेलं असतं, किंवा गाडी चालवत असतं, किंवा अनोळखी नंबर म्हणून उचलतच नाही. क्रेट तोवर काट्याच्या शेजारी जमिनीवर. हा वेळ माझ्या घड्याळात आलाच नव्हता, कारण मी माणसं काम करताना मोजत होतो आणि त्या वेळी क्रेटवर कोणी काम करतच नव्हतं. पुढच्या शनिवारी तेवढंच मोजलं. साधारण दर तिसऱ्या ऑर्डरीत एखादी वस्तू नव्हती, आणि पहिल्या फोनला निम्म्याच लोकांनी उत्तर दिलं. हे घातल्यावर मॉडेल ९३वर आलं.

मग पर्याय चालवले. दोन नवे पोरगे घेतले तर ९३चे ८८. क्रेट भराभर भरतात आणि काट्यापाशी जाऊन उभे राहतात, बाकी काही नाही. एका ट्रॉलीवर तीन ऑर्डरी एकदम गोळा केल्या तर ८९, चालणं वाचतं पण अडतं तिथेच. दुसरा काटा आणला आणि असलेल्यांतलाच एक पोरगा गर्दीच्या वेळी त्यावर बसवला तर ६१.

भाऊ म्हणतो, काटा माल विकत नाही, पोरगे विकतात. तुम्ही काय म्हणता?

अबोली

कारखान्यातल्या माणसाला दुकानात सोडलं की असं होतं. 😀 पण एक खरंच विचारते. यासाठी २०० शनिवार कशाला? तासाला इतक्या ऑर्डरी, काट्यावर इतकी मिनिटं, गुणाकार केला की झालं. माझ्या सासऱ्यांचं डिचोलीला दुकान होतं, त्यांनी सगळा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला.

कुळागर

@अबोली, गुणाकार मीही आधी केला होता. सोयीसाठी धरू की काट्यावर फक्त ऑनलाइनचेच क्रेट येतात आणि प्रत्येकाला सरासरी ४ मिनिटं लागतात. तासाला १२ क्रेट आले तर ४८ मिनिटं काम. तासात ६० मिनिटं असतात, म्हणजे गुणाकार म्हणतो की काटा १२ मिनिटं रिकामा आहे, चिंता नको.

पण क्रेट पाच-पाच मिनिटांनी शिस्तीत येत नाहीत. तीन एकदम येतात, मग दहा मिनिटं कोणी नाही. ती रिकामी दहा मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. येणंही अनियमित आणि लागणारा वेळही अनियमित असला तर रांगेच्या सूत्राने १२ क्रेटना प्रत्येकी सरासरी १६ मिनिटं थांबावं लागतं. तासाला साडेतेरा आले की ३६ मिनिटं. सव्वाचौदा आले की ७६. काम वाढलं पाचव्या हिश्श्याहून कमी, थांबणं जवळपास पाचपट. भाऊ सारखा म्हणत होता, "गेल्या वर्षीपेक्षा थोड्याच तर ऑर्डरी वाढल्यात", तो थोडा आकडा इथे येऊन बसतो.

तिसऱ्या

चिठ्ठ्या काढून धंद्याचे निर्णय? मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाऊन हेच करतात लोक, फक्त तिथे सिम्युलेशन म्हणत नाहीत.

खाजन

@तिसऱ्या, थट्टेत तू मुळावरच बोट ठेवलंस. या चिठ्ठी-पद्धतीचं नाव माँटे कार्लो, आणि ते मोनॅकोतल्या त्याच नावाच्या कॅसिनोवरून पडलं. स्टानिस्लाव उलाम हा गणिती १९४६ साली आजारातून उठत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेला तर फार किचकट. त्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजलेले काय वाईट, असं त्याच्या डोक्यात आलं. नाव पडलं ते त्याच्या एका काकामुळे. तो माँटे कार्लोला जुगारासाठी नातेवाइकांकडून उसने पैसे घ्यायचा.

रांगांचं गणित त्याहून जुनं. एरलांग नावाचा डॅनिश माणूस कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. किती फोन एकदम येतील आणि त्यासाठी किती लाइनी लागतील, यावर त्याचा पहिला लेख १९०९चा. तुझ्या दुकानातले क्रेट आणि त्याचे फोन यांत तत्त्वतः फरक नाही.

कुळागर, एक सोपी परीक्षा सांगतो. दुपारी बाराला काट्याशेजारी जमिनीवर किती क्रेट होते?

कुळागर

१६. फोटो काढून ठेवलाय. एकावर मांजर बसलं होतं, ते धरलं नाही.

खाजन

आणि तासाला काट्यावरून बारा सुटतात. १६ भागिले १२, म्हणजे एक तास वीस मिनिटं. त्या वेळी काट्यापाशी एका क्रेटचा एवढा वेळ जातोय, हे स्टॉपवॉच न लावता कळलं. याला लिटलचा नियम म्हणतात: रांगेतली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. जॉन लिटलने त्याची सिद्धता मांडली १९६१ साली, आपल्या गोवा मुक्तीच्या वर्षी. नियम दीर्घ सरासरीचा आहे, एका दुपारीपुरता अंदाज म्हणूनच घे. पण भावाला पटवायला तो फोटो पुरेसा आहे.

आता तुझ्या चुका. वर अबोलीला सांगितलेलं सूत्र दुकान अनंत काळ उघडं आहे असं धरतं. तुझं नऊला उघडतं आणि दुपारी ओस पडतं. तेव्हा सूत्र समजावण्यापुरतं ठीक, निर्णय सिम्युलेशनवरच घे. दुसरं, ऑर्डरी कशा येतात धरल्या आहेस? सकाळपासून एकेक?

तिसरं, पर्यायांची तुलना करताना दर वेळी नवे शनिवार काढतोस की तेच? दोन पोरग्यांच्या वाट्याला सोपे शनिवार आले आणि काट्याच्या वाट्याला मुंजीचे, असं होता कामा नये. तेच गिऱ्हाईक, तीच यादी, तोच न उचललेला फोन सगळ्या पर्यायांना दे.

कुळागर

तिसरं केलं आहे, यादृच्छिक आकड्यांचं बीज तेच ठेवलंय, म्हणजे दर वेळी त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघतात. दुसऱ्यात पकडलंत. मी एकेक धरल्या होत्या. अॅपची नोंद काढून बघितली तर लोक रात्री जेवणं झाल्यावर, नऊ ते अकरा, याद्या टाकतात. शनिवारी शटर वर जातं तेव्हा ४० ऑर्डरी आधीच उंबऱ्यावर बसलेल्या असतात. दुरुस्त करतो.

घुमट

मी दीड वर्ष बंगळूरला एका डार्क स्टोअरमध्ये माल उचलायचं काम केलंय. डार्क स्टोअर म्हणजे गिऱ्हाइकाला आत यायला बंदी असलेलं गोदाम, फक्त ऑनलाइन. तिथेही कोणीतरी असाच कॉम्प्युटर चालवून आकडे काढले असणार. हातात स्कॅनर, त्यावर लाल आकडा उलटा मोजत जातो. तिखटाच्या पाकिटाला इतके सेकंद, तेलाच्या डब्याला इतके. तेलाचा डबा खालच्या फळीवर असला तर वाकायला लागणारा वेळ कोणी धरला नव्हता.

तेव्हा तुझा धागा वाचताना आधी पोटात गोळाच आला. सिम्युलेशनमध्ये पोरगा म्हणजे काय रे? कधी थकतो? दुपारी चारला त्याचा वेग सकाळी दहाचाच असतो का? आणि साधी गोष्ट, जेवायची सुट्टी घातली आहेस का?

कुळागर

@घुमट, सिमपायमध्ये माणसाला रिसोर्सच म्हणतात. काट्यालाही रिसोर्स आणि ताईंनाही रिसोर्स.

जेवायची सुट्टी घातली नव्हती. लिहितानाही लाज वाटतेय. माझी पोरं सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत उभी होती, पाणी न पिता.

काल रात्री बसून घातली: आळीपाळीने पाऊण तास जेवण, सकाळ-संध्याकाळ चहा. सकाळच्या ४० ऑर्डरीही घातल्या. आता मॉडेल ९५ म्हणतं, प्रत्यक्ष ९६. म्हणजे जुळत नव्हतं ते माणसं जेवत नव्हती म्हणून.

थकव्याचं काही घातलेलं नाही. दुपारची वेगळी मोजणी लागेल, आणि त्यासाठी परत खांबाला टेकायचं तर मी आधी पोरांना विचारीन. पण एक ठरवलंय: मॉडेलमध्ये कोणीही माणूस वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त कामात दिसला तर तो पर्याय बाद, मिनिटं कितीही वाचोत. यात उपकार नाहीत, वरचं १६-३६-७६ माणसांनाही तसंच लागू आहे.

घुमट

हे भावाला लिहून दे. तोंडी राहिलं तर चवथीच्या आठवड्यात कोणाला आठवणार नाही.

पोदेराची सायकल

मला पायथन येत नाही. एक्सेलात होईल काय? म्हापशाला आमचं छोटं दुकान आहे, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी आमचीही हीच गत.

खाजन

एका काट्यापुरतं सहज होतं. चार रकाने कर. पहिल्यात क्रेट कधी आला: आधीच्या क्रेटच्या वेळेत अंतर मिळव. अंतरासाठी ० ते १ मधला यादृच्छिक आकडा घे, त्याचा नैसर्गिक लॉग काढ, सरासरी अंतराने गुण आणि चिन्ह उलट कर. दुसऱ्यात काम कधी सुरू झालं: आल्याची वेळ किंवा आधीच्याचं काम संपल्याची वेळ, यातली जी उशिराची ती. तिसऱ्यात किती मिनिटं लागली, ती तुझ्या मोजणीतून. चौथ्यात संपलं कधी. सुरू वजा आला म्हणजे थांबणं. खाली शे-दोनशे ओळी ओढ आणि एफ नाइन दाबत राहा, दर दाबण्याला नवा शुक्रवार. दहा वेळा दाबून दहा वेगळी उत्तरं आली की घाबरू नकोस, तेच बघायचंय. कुठलाही एकच शुक्रवार खरा मानू नकोस.

दोन काटे, फोन, जेवण असं वाढत गेलं की एक्सेल सोड.

अबोली

काल संध्याकाळी सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या हसल्या आणि विचारलं, शनिवारी सकाळी तांदूळ मोजायला घेतातच कशाला? सासरे आदल्या रात्री अर्ध्या नि एक किलोच्या पुड्या बांधून घमेल्यात रचून ठेवायचे. साखर, तूरडाळ, गूळ. गिऱ्हाईक आलं की पुडी उचलायची. दोरा बांधायला घरातली सगळी मुलं बसायची, म्हणे आमच्या ह्यांचा अभ्यास त्यातच राहिला.

चालव बघू तुझ्या कॉम्प्युटरवर.

कुळागर

@अबोली, सासूबाईंना नमस्कार सांग.

मागच्या ऑर्डरी काढून बघितल्या. काट्यावर येणाऱ्या सुट्या मालात निम्म्याहून जास्त ओळी सात-आठ वस्तूंच्याच, आणि त्याही १, २ नाहीतर ५ किलो अशा गोल वजनात. त्या आदल्या संध्याकाळी सहा ते आठ, काटा रिकामा असताना, भरून लेबल लावून ठेवल्या तर? एक पैसा खर्च न करता ९५चे ६८. दुसरा काटाही आणला तर ५४. कांदे-बटाटे मात्र भरून ठेवता येत नाहीत, पावसात पिशवीत घाम धरतात. सुक्या मासळीला तर ताई हातच लावू देत नाहीत कोणाला.

आणखी एक सापडलं. दोघांनी नऊऐवजी साडेसातला येऊन साडेचारला जायचं, म्हणजे उंबऱ्यावरच्या ४० ऑर्डरी गिऱ्हाइकं यायच्या आधी निघतात. नुसत्या एवढ्याने ७४.

पोदेराची सायकल

साडेसातला फोंड्यात? तुझी पोरं राहतात कुठे? सत्तरी तालुक्यातली असली तर घरातून निघायचं कधी आणि कुठल्या बशीने, ते कॉम्प्युटरला विचारलंस काय?

कुळागर

पोरांना विचारलं. चौघांतले दोघे वाळपईकडचे, ते नाही म्हणाले. तिसरा कुर्टीचा, सायकलने येतो, तो लगेच तयार झाला कारण साडेचारला सुटून फुटबॉल मिळतो. चौथा म्हणाला आईला विचारतो. तेव्हा सध्या एकच माणूस लवकर.

तिसऱ्या

आणि घरपोच? "सातेरीच्या देवळामागे पिंपळाकडून डावीकडे, निळं गेट, कुत्रो आसा" हा पत्ता कसा घातलास मॉडेलमध्ये?

कुळागर

घातलाच नाही. माझं मॉडेल पिशवी तयार झाली की संपतं. पायलटना सगळे पिंपळ माहीत आहेत, त्यांना मी काय शिकवू.

खाजन

शहाणपणा केलास. मॉडेलला कुंपण हवंच. सगळं घालायला गेलास तर पुढची चवथ येईल.

कुळागर

चवथ झाली, पाच दिवसांचे गणपती पोचवून आलो, म्हणून धागा वर काढतोय.

भावाने शेवटी केलं ते असं. आदल्या संध्याकाळी पिशव्या भरून ठेवणं सुरू झालं. दुसरा काटा आला, सेकंडहँड. कुर्टीचा पोरगा साडेसातला. नवे दोन पोरगे घ्यायचे नाहीत असं ठरलं आणि मग एक घेतलाच, कारण तो वहिनीच्या माहेरचा. त्याला माल संपलेल्यांच्या फोनवर बसवला, ते उत्तम झालं. आता ऑर्डर टाकतानाच अॅप विचारतं की नसेल तर दुसरं चालेल का, त्यामुळे फोनही कमी झालेत.

मॉडेलचा अंदाज होता ५४. चवथीआधीचा शनिवार धरत नाही, त्या दिवशी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) गर्दीत दुकानाच्या दारातून आत शिरणंच कठीण होतं. त्याआधीचे दोन शनिवार मोजले, पोरांना विचारून. सरासरी ७०.

सोळा मिनिटं कुठे गेली म्हणून परत खांबाला टेकलो. अर्ध्या तासात कळलं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी दुसरा काटा बघितला आणि तीही तिकडे वळली. ऑनलाइनसाठी आणलेल्या काट्यापुढे पिशवीत चार वांगी घेऊन माणसं उभी. पोरगा नाही म्हणायला लाजतो. माझ्या मॉडेलमधली गिऱ्हाइकं फार आज्ञाधारक होती, ज्या रांगेत उभी केली त्याच रांगेत राहिली.

ताईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेलो तर नव्या काट्यावर बिलाच्या रोलचा कागद चिकटवलेला होता: "काटो बंद आसा". काटा चालू होता, मागे पोरगा गूळ मोजत होता.

अबोली

आणि किती मिनिटं झाली?

कुळागर

५८. मांजर अजून तिथेच बसतं.